साडूंचा डाव

९ जानेवारी

साडूभाऊ, नमस्कार.

आधी वाईट बातमी सांगून मोकळा होतो. तिरंदाज गेला.

जुन्या किल्ल्याच्या तिसऱ्या तळघरात शिरलो. दाराआड पाच-सहा सांगाडे असतील असा अंदाज होता, निघाले चौदा. तुम्ही असता तर लगेच स्पेस बार दाबून खेळ थांबवला असता, चहा पीत विचार केला असता आणि मग एकेकाला हुकूम सोडला असता. मी आपलं आडदांडाला पुढे घातलं आणि म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. आडदांडाने निम्मे लोळवले. वैद्यीण त्याच्या मागे धावतच होती. तिरंदाज पडद्याच्या अगदी मधोमध उभा होता, तरी माझं लक्ष गेलं नाही. गेलं तेव्हा तो आडवा झालेला. नियम तो नियम, मागची नोंद उघडायची नाही, मेला तो मेला. तेव्हा या पेन ड्राइव्हवर सहाऐवजी पाच जण पाठवतोय. मला शिव्या घाला, पण लेखी घाला.

दुकान डिसेंबरात बंद केलं, तुम्हाला कळवायचं राहून गेलं. मनगटावर घड्याळ घालतंय कोण, आणि घातलं तरी दुरुस्त करतंय कोण? सेल बदलायला येणारी चार माणसं, तेवढ्यासाठी रोज शटर वर करायचा कंटाळा आला. चिमटे, भिंगं एका डब्यात भरून घरी आणली. ही म्हणाली, आता तरी निवांत बसा. बसलोय. निवांत बसणं हे इतकं दमवणारं काम असतं हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

बसल्या बसल्या मोजलं तर आपल्या डावाला या महिन्यात बावीस वर्षं झाली. तुमचं नवीन लग्न झालेलं, तुम्ही दोघं पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलात. बहिणी बहिणी आत बोलत बसल्या आणि आपल्याला बाहेर सोडलं. साडू साडूशी बोलणार काय? हवा, नोकरी, परत हवा. शेवटी मी कंटाळून कॉम्प्युटर लावला. खेळ तेव्हाही जुनाच होता. सोबती गोळा करायचे, गावोगाव हिंडायचं, लोकांची अडलेली कामं करायची, तळघरं धुंडाळायची आणि सरतेशेवटी काळ्या बुरुजातल्या म्हाताऱ्याला गाठायचं. तुम्ही खुर्ची ओढलीत ती चार तास सोडली नाहीत. निघताना मी डाव फ्लॉपीवर उतरवून तुमच्या खिशात घातला आणि म्हटलं, पुढचं तुम्ही खेळा, काय झालं ते लिहून कळवा. फोनवर नको, फोनवर आपण दोघं तीन वाक्यांत संपतो. फ्लॉपी गेली, सीडी आली, सीडी गेली, हे बोटाएवढं आलं. बुरुज तीनदा जिंकून झाला, तरी चौथ्यांदा निघालोच आहोत. आपल्यासारखे रिकामटेकडे आपणच.

ओळी खाली घसरल्यात. नवीन चष्मा नाकावर नीट बसत नाही, सांभाळून घ्या. आमच्या धाकट्या मेहुणीला आशीर्वाद. तुमची ताई बरी आहे.

तुमचा थोरला साडू

४ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

तिरंदाजाबद्दल शिव्या घालणार होतो, पण त्याला घेऊन आपण दीड वर्ष हिंडलो, त्यात तुम्ही तीनदा त्याला मरणाच्या दारात उभं केलं होतं. चौथ्यांदा दार उघडलं, एवढंच. मी दोन संध्याकाळी खेळलो. किल्ल्यातून बाकीच्यांना बाहेर काढलं आणि नदीकाठच्या गावात आणून ठेवलं. भुरट्याने वाटेत कुणाची तरी अंगठी लांबवली, ती परत करायला लावली. तो रुसला आहे.

डेपोत नेहमीसारखंच चाललंय. ड्रायव्हर-कंडक्टरांचे ड्युटी चार्ट मीच लावतो, त्यामुळे दिवसभर माझ्या टेबलापुढे कोणी ना कोणी तोंड पाडून उभा. याला पहाटेची पाळी नको, त्याला अमक्याबरोबर नको. एकाला खूश केलं की दोन नाराज. संध्याकाळी पाय नाही दुखत, मान दुखते, नाही नाही म्हणून. तिकीट खिडकीवरच्या साहेबांनी परवा माझ्या पडद्यावर हा खेळ पाहिला आणि हसायला लागले. म्हणाले, हे ठिपक्यांएवढे लोक काय बघता, हल्लीच्या खेळात घामाचे थेंबसुद्धा दिसतात. म्हटलं, घाम मी दिवसभर बघतो. खरं सांगायचं तर मला त्या खेळातली थांबायची सोय आवडते. सगळे तलवारी उगारून उभे, आग हवेत लटकलेली, आणि कुणाला कसली घाई नाही. मी ठरवीपर्यंत सगळं जग माझ्यासाठी थांबतं. असं दुसरं कुठे होतं?

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तीन पानं फाडून झाली.

धाकटी डिसेंबरापासून इथे राहत नाही. तिच्या प्रयोगशाळेजवळ तिने दोन खोल्या घेतल्यात. भांडण झालं नाही, दादा. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. मी पहाटे निघायचो, ती संध्याकाळी उशिरा यायची, फ्रिजवर चिठ्ठी लावून आम्ही संसार चालवत होतो. गॅस आला. दूध सांगितलंय. एक दिवस तिने चिठ्ठीवर लिहिलं, मी दमले. मी खाली लिहिलं, मीही. त्यानंतर बोललो, आणि बोलणं चांगलं झालं, गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं इतकं चांगलं. ते वेगळं व्हायचंच बोलणं निघालं.

ताईंना एवढ्यात सांगू नका. धाकटी आपल्या तोंडाने सांगणार आहे, तिला वेळ हवाय. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला मात्र राहवेना. मला भाऊ नाही. हे एकच पत्र मी कुणाला लिहितो.

तुमचा
धाकटा साडू

६ मार्च

साडूभाऊ, नमस्कार.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नका. हात थोडा थरथरतो, म्हणून हे.

तुमचं पत्र वाचलं. परत वाचलं. माणसं एका घरात राहून दमतात हे मला ठाऊक नाही असं नाही. पण तुम्ही दोघं आमच्या दारातून एकत्र आत येत होतात तेच डोळ्यांपुढे आहे. जेवता का वेळेवर? एकट्याने राहणाऱ्या पुरुषाची पहिली उपासमार सकाळची होते, तेवढी होऊ देऊ नका. तुमच्या ताईला मी काही सांगितलेलं नाही.

डावाचं सांगतो. नदीकाठच्या गावातून निघालो. निघण्याआधी सगळ्यांना सरायीत दोन रात्री झोपवलं. भुरट्याची समजूत काढली. वाटेत लांडगे भेटले, कुणाला ओरखडासुद्धा नाही. वैद्यिणीच्या पिशवीत औषधांच्या अकरा बाटल्या भरून ठेवल्यात.

एक गंमत झाली. आडदांड शेकोटीपाशी आपणहून बोलायला लागला. आपण नेहमी त्याचं बोलणं मध्येच तोडून पुढे निघतो, या खेपेला ऐकून घेतलं. त्याला एक मुलगी आहे. डोंगरापलीकडे कुठे तरी असते, तिचं लग्न झालं आणि त्याला बोलावलं नाही. बराच वेळ बोलला. मग म्हणाला, चला, उशीर होतोय.

पेन ड्राइव्ह सोबत.

तुमचा थोरला साडू

३० मार्च

दादा, नमस्कार.

तुम्ही आणि अकरा बाटल्या औषध! तीन वेळा मोजल्या. बावीस वर्षांत तुम्ही कधी एकाहून जास्त बाटली घेतली नाहीत, ‘औषध घेतलं की लढाईत जीव राहत नाही’ हे वाक्य तुमचंच. वैद्यिणीच्या अंगात चिलखत चढलंय, पंडिताला उबदार झगा मिळालाय, जास्तीच्या तलवारी विकून टाकल्यात. हा डाव उघडला आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. दुकान बंद केल्यावर माणूस इतका मवाळ होतो? असो, मला काय, आयतं मिळालं. मी दलदल पार केली, तिथे चार बाटल्या संपल्या.

आडदांडाचं मात्र मनाला लागलं. आपण दोघांनी तीन वेळा त्याला काळ्या बुरुजापर्यंत नेलं. दर वेळी तो शेकोटीपाशी तोंड उघडायचा आणि दर वेळी आपण ‘पुरे’ म्हणायचो. तो एवढी वर्षं सांगायला बसला होता आणि आपल्याला सांगाडे मारायची घाई. या मेल्या खेळात अजून काय काय पडून असेल कोण जाणे. म्हणूनच तो सुटत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून, सकाळी जेवतो. डेपोच्या कॅन्टीनमध्ये. कागद तयार झालेत, वकील एकच आहे दोघांचा. तारीख जूनमध्ये मिळेल.

धाकटी अजून ताईंशी बोललेली नाही. तिला भीती वाटते, आणि मला वाटते ती वेगळी. ताई बहिणीची बाजू घेणार, घ्यायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्यांनी मला घरातला कधी धरलंच नाही. तुमच्याकडे पंगतीला बसलो की सगळ्यांच्या पानात न विचारता वाढतात. माझ्यापाशी आल्या की थबकतात आणि विचारतात, ‘वाढू का?’ बावीस वर्षं, दर वेळी. पाहुण्याला विचारतात तसं. क्षुल्लक गोष्ट आहे, मलाही कळतं, पण एकट्या घरात क्षुल्लक गोष्टीच मोठ्या होतात.

म्हणून आता एक सरळ विचारतो आणि तुम्ही सरळ सांगा. साडू हे नातं आपलं आपण जोडलेलं नाही, ते दोघींनी जोडलं. जूनमध्ये त्यातला एक टाका उसवतो. त्यानंतर मी तुमचा कोण? डाव येत राहणार की नाही? नाही म्हणालात तरी मी समजून घेईन, फक्त आधी कळू दे. माझ्या आठवड्यात वाट बघण्यासारखं दुसरं काही नाही.

तुमचा
धाकटा साडू

२७ एप्रिल

साडूभाऊ, नमस्कार.

पत्र मिळालं. दलदल चांगली पार केलीत.

वाढण्यावरून तुम्ही लिहिलंत त्याबद्दल एक सांगायचं आहे. तुम्ही पहिल्यांदा जेवायला आलात तेव्हा नको म्हणायला लाजत होतात. पानात पडेल ते संपवत गेलात आणि घरी जाऊन दोन दिवस अंथरुणाला खिळलात. धाकटीने फोन करून बहिणीला झापलं, माझ्या नवऱ्याला मारतेस का म्हणून. त्या दिवसापासून ती तुम्हाला विचारून वाढते. ज्याचं पोट बिघडेल याची धास्ती वाटते त्यालाच माणूस विचारतो. पाहुण्यांच्या पानात ती बेधडक ओतते.

धाकटीने बहिणीला सगळं सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात फोन आला होता. रडत होती.

डावाचं म्हणाल तर दलदलीपलीकडच्या घाटापर्यंत पोचवला आहे, सगळे धडधाकट आहेत. मला वाटतं ही फेरी बहुधा शेवटची. यापुढे माझ्याच्याने होणार नाही. बावीस वर्षं खूप झाली.

तब्येतीला जपा.

थोरला साडू

२० मे

दादा, नमस्कार.

कळलं.

सरळ सांगा म्हटलं होतं, तुम्ही सांगितलंत. ‘बावीस वर्षं खूप झाली’ यापेक्षा सरळ काय असणार. ताईंचं वाढण्याबद्दलचं वाचून मी ओशाळलो, त्यांना माझ्या वतीने काही सांगू नका, पण मी ओशाळलो. फोनवर धाकटी रडली हे वाचल्यावर तुमची अडचणही समजली. मेहुणी फोनवर रडते आहे आणि घरचा माणूस तिच्या नवऱ्याला दर महिन्याला पाकीट पाठवतो आहे, हे बरं दिसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

पेन ड्राइव्ह परत पाठवतोय. मी लढलो नाही. घाटाखाली एक सराय आहे, तिथे पाचही जणांना नेऊन बसवलं. तुम्ही डाव पुढे न्या किंवा नेऊ नका, आता तो तुमचा. आडदांडाला सांगा, मुलीकडे न बोलावता जाऊन बघ.

चौदा जूनला सकाळी अकरा वाजता कोर्टात जायचं आहे. सह्या झाल्या की दुपारची पाळी धरीन, रजा घेऊन घरी बसून काय करायचं.

तुम्ही मला पहिल्या दिवशी खुर्ची दिलीत. त्या घरात त्या दिवशी मला काय करावं, हात कुठे ठेवावेत, कळत नव्हतं. ते विसरणार नाही.

आपला

३० मे

भावोजी,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. पण मार्चपासूनची दोन्ही पत्रं माझ्याच हातांनी टाइप केलेली आहेत. लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या अशा उपयोगी पडल्या.

ह्यांना दिसत नाही. हात थरथरतो ते खोटं, हात ठणठणीत आहेत. नजरेच्या मधलं सगळं गेलं आहे, कडेकडेचं थोडं दिसतं. मला बघायचं असेल तर भिंतीकडे बघतात. दुकान त्यामुळे बंद केलं, आणि तुमचा तो तिरंदाज मेला तोही त्यामुळेच. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं येणार नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. म्हणे साडूभाऊंना कळलं तर ते दया करून लुटूपुटूचं खेळतील.

तेव्हा तुमची पत्रं मी वाचून दाखवते. ‘ताईंना एवढ्यात सांगू नका’ हे ताईनेच मोठ्याने वाचलं. माझ्या बहिणीचं घर मोडल्याचं मला अशा रीतीने कळलं, आणि दोन महिन्यांनी तिने फोन केला तेव्हा मला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करावं लागलं. मला नाटक जमत नाही. ती रडत होती म्हणून तिच्या लक्षात आलं नाही.

डावही मीच खेळते. हे शेजारी बसून हुकूम सोडतात. घुसा म्हणतात, मी म्हणते घुसले, आणि हळूच स्पेस बार दाबून सगळ्यांना मागे घेते. बाटल्या माझ्या. चिलखत माझं. ह्यांच्या समजुतीप्रमाणे आपले लोक उघड्या छातीने लांडग्यांवर धावून गेले. तुम्ही औषधांवरून चिडवलंत ते मी वाचताना गाळलं. आडदांडाचं बोलणं तोडायचं कसं ते मला माहीतच नव्हतं, म्हणून ऐकत बसले. मुलीचं सांगायला लागला तेव्हा ह्यांनी हुकूम सोडणं थांबवलं. बावीस वर्षं मी तुम्हा दोघांना येडे समजत होते. आता रोज दुपारी भांडी आवरली की मलाच वाटतं, बघू तरी ती माणसं काय करताहेत.

वाढण्यावरचं तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मध्येच थांबले. ह्यांना म्हटलं, खोकला आला. ते वाक्यही गाळलं. त्याचं उत्तर ह्यांनी सांगितलेलं नाही, मी आपल्या मनाने घातलं, ह्यांच्या नावाने.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं येत नाही.

तुमचा प्रश्न मी पूर्ण वाचून दाखवला होता. हे खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, लिही. ही फेरी बहुधा शेवटची, यापुढे माझ्याच्याने होणार नाही, बावीस वर्षं खूप झाली. हे डोळ्यांबद्दल होतं. आणि त्याच्या पुढे त्यांनी सांगितलं ते असं होतं, अजून पाठ आहे मला: ‘पण पत्र बंद करू नका. लग्न करून मला चार मेहुणे, दोन साडू आणि सासरची अख्खी फौज मिळाली, त्यातल्या दुसऱ्या कुणालाही मी दर महिन्याला लिहीत नाही. बायकांमुळे आपण फक्त एका खोलीत आलो. खुर्ची तुम्ही स्वतः ओढलीत.’

हे मी टाइप केलं नाही. त्याच आठवड्यात धाकटीचा फोन झाला होता. ती रडत होती आणि इथे माझा नवरा तिच्या नवऱ्याला धरून ठेवत होता. शिवाय तुमचं ते पानाचं मनात डाचत होतं. वाटलं, तुटायचंच आहे तर एकदाचं सगळं तुटू दे. पाकीट चिकटवलं आणि टाकलं. हे चुकून झालेलं नाही, मी केलं. मी दमले होते, पण दमलेल्या माणसालाही काय करतोय ते कळतं.

तुमचं वीस तारखेचं पत्र आलं. ते वाचताना काही गाळता येईना, कारण त्यात तेवढंच होतं. हे ऐकून म्हणाले, मी तर बंद करू नका असं लिहिलं होतं. तेव्हा सांगितलं. मग तुमचं फेब्रुवारीपासूनचं एकेक पत्र काढून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझ्यावर रागावतील वाटलं होतं. गाळलेल्या वाक्यांवर नुसते हूं म्हणाले. बाटल्यांचं कळलं तेव्हा मात्र खरे चिडले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चौदा तारखेला अकरा वाजता ना, तिकिटं काढ.

धाकटीला मी सगळं सांगितलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, भावोजींनी त्याच्याबरोबरच असावं, त्याला कोणी नाही.

तेव्हा असं ठरलं आहे. त्या दिवशी मी माझ्या बहिणीशेजारी उभी राहणार. ती माझी आहे, तिला तिथे एकटीला जाऊ देणार नाही, आणि तुम्हालाही ते नको असेल. हे तुमच्या शेजारी उभे राहणार. मी म्हटलं, अहो, नवरा एका बाजूला, बायको एका बाजूला, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, ‘तुझ्या बहिणीला तू आहेस. त्यांच्या बाजूला कोण आहे?’

तुम्हाला मी कायम भावोजी म्हणत आले. चौदानंतर काय म्हणायचं ते मला माहीत नाही, तुम्ही सांगाल ते म्हणेन. माझ्यावर राग असेल तर असू दे, तो ह्यांच्यावर काढू नका.

आम्ही तेरा तारखेला संध्याकाळी पाचच्या गाडीने पोचतो. मी धाकटीकडे उतरेन, ह्यांना तुम्ही स्टँडवरून घरी घेऊन जा. दुपारची पाळी धरू नका. कोर्टात मोठा जिना आहे असं धाकटी सांगत होती. ह्यांचा हात धरून ओढायचं नाही, तुमच्या कोपराला त्यांना हात लावू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की चढ आहे की उतार, एवढंच सांगा.

ताई